सिंकचा तास

गेल्या सहा आठवड्यांत बाई आपल्या खुर्चीत टेकल्या असतील तर सगळं मिळून तासभर. खुर्ची चांगली होती, हात असलेली, वरच्या मजल्यावरून भांडून आणलेली. पण हल्ली बसलं की पाय हलायला लागायचे आणि पाय हलले की बाई उठायच्याच. मग सिंकपाशी जा, तिथून तपासणीच्या टेबलापाशी, तिथून मांडणीच्या, मग वाफेच्या मशीनला वळसा घालून पुन्हा सिंकपाशी. खोली बावीस पावलांची. दिवसाला किती फेऱ्या होतात ते त्यांच्या टाचांनाच विचारावं.

ही खोली हॉस्पिटलच्या तळघरात होती. वर ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या, सुऱ्या वापरून झाल्या की लिफ्टने खाली इथे यायच्या. इथे त्या धुवायच्या, एकेक तपासायची, ज्या ऑपरेशनला जे लागतं ते त्या ट्रेमध्ये मांडायचं, कापडात बांधून वाफेच्या मशीनमधून काढायचं आणि ट्रॉलीवरून परत वर धाडायचं. वरचे लोक टाके घालून बाहेर येतात आणि पेशंटचे नातेवाईक त्यांचे हात धरून रडतात. तळघराचे हात धरायला कुणी येत नाही. तळघराकडे लोक वळतात ते काहीतरी चुकल्यावर.

आणि चुकलं होतं. महिन्याभरात दोनदा.

पहिल्यांदा एका कात्रीच्या सांध्यात डाग राहिला. वरच्या सिस्टरला तो दिसला म्हणून बरं, नाहीतर ती कात्री कुणाच्या पोटात गेली असती. दुसऱ्यांदा एक ट्रे आतून ओला निघाला, आणि ओला ट्रे ऑपरेशनला चालत नाही. मशीन पुरतं थांबायच्या आधीच दार उघडलं होतं. दोन्ही वेळा पेशंट टेबलावर चाळीस चाळीस मिनिटं ताटकळला. नवे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे व्यवस्थापक, येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनी बाईंना वर बोलावलं आणि आवाजही न चढवता सांगितलं, "तिसरी चूक झाली की तळघर बंद. बाहेरची कंपनी हे काम करायला तयार आहे. गाडी येईल, घेऊन जाईल, आणून देईल."

"आणि माझी माणसं?"

"बघू," साहेब म्हणाले. बाईंचं आयुष्य या इमारतीत गेलं होतं. इथल्या 'बघू'चा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माणसं होती चार. सगळ्यांत थोरल्या काकू. त्यांना सगळेच काकू म्हणत, बाईसुद्धा. मग भिंग. याचा चष्मा इतका जाड की डोळे पलीकडून कुणी वाकून बघतंय असं वाटावं. कामाला महासंथ. मग लांबू, जो ताडमाड होता आणि एका जागी दोन मिनिटं उभा राहिला तर त्याला ताप भरेल अशी सगळ्यांची खात्री होती. आणि नवी. नवीला इथे येऊन चार वर्षं झाली होती, मध्यंतरी तिचं लग्न होऊन एक मूलही झालं होतं. पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे ती नवीच राहिली.

या चौघांच्या डोक्यावर, भिंतीवर, चक्र होतं. पुठ्ठ्याचं, मधोमध खिळा ठोकलेलं. बाहेरच्या कडेला चार कामं लिहिलेली: सिंक, तपासणी, मांडणी, मशीन. आतल्या वर्तुळात चौघांच्या चिठ्ठ्या. रोज सकाळी आठ वाजता बाई चक्र एक घर पुढे सरकवायच्या. आज जो सिंकला तो उद्या तपासणीला, परवा मांडणीला. जो मशीनला त्यानेच ट्रॉली ढकलायची. सगळ्यांनी सगळं करायचं. मी हे करणार नाही, मला ते जमत नाही, असली नाटकं चालायची नाहीत.

चक्राची गोष्ट बाई वर्षातून तीनदा तरी सांगायच्या. त्या इथे लागल्या तेव्हा तरुण होत्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात हत्यारं अशी लखलखीत धुतली की तेव्हाचा मुकादम म्हणाला, "वा! तुझ्यासारखं कुणी धुवत नाही." बाई खूश झाल्या. कुणीही होईल. त्या कौतुकापायी त्या अकरा वर्षं सिंकला उभ्या राहिल्या. बदली मागितली की तेच वाक्य: तुझ्यासारखं कुणी धुवत नाही. हातमोजे फाटके, पाणी कढत, त्यात ते औषध. हातांची सालपटं निघाली, परत आली, परत निघाली, आणि शेवटी बोटांनी जाणिवेचा नाद सोडला. मुलीला ताप आला तर बाईंच्या तळव्याला कळायचं नाही. त्या तिच्या कपाळाला गाल लावून बघायच्या.

म्हणून मुकादमाची खुर्ची मिळाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर पुठ्ठा कापला. कुणाचा कुठला गुण कुणी हेरायचा नाही. गुण हेरला की तो माणूस तिथेच गाडला जातो, हे बाईंनी स्वतःच्या कातडीवर शिकून घेतलं होतं.

आणि हेच खरं असेल तर आता चुका का होताहेत, ते काही त्यांना उमगत नव्हतं. इतकी वर्षं चक्र फिरलं, कधी शिंतोडा उडाला नाही. माणसं तीच, मशीन तेच, साबण तोच. बदललं होतं ते एवढंच की पूर्वी साडेआठ ते एक बाई वर असायच्या. भांडारात जाऊन मोज्यांसाठी भांडायचं, मोठ्या सिस्टरच्या टेबलाशी ठाण मांडून उद्याच्या ऑपरेशनांची यादी काढून घ्यायची, मशीनच्या दुरुस्तीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर स्वतः हाकत न्यायचा. नव्या साहेबांनी आल्या आल्या ते सगळं कॉम्प्युटरवर टाकलं. "तुम्ही खाली लक्ष द्या," ते म्हणाले. तर बाई आता दिवसभर खाली लक्ष देत होत्या. डोळ्यांत तेल घालून देत होत्या. आणि तरीही.

मंगळवारी साहेबांनी एक प्रशिक्षणवाली पाठवली. हसतमुख, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कार्डांचा गठ्ठा. तिने चौघांना गोल करून बसवलं आणि म्हणाली, "प्रत्येकाने आपली खरी ताकद लिहायची. तुम्हाला काय इतरांपेक्षा चांगलं जमतं? काय करताना वेळ कसा गेला कळत नाही? मग आपण रोजचं काम त्याप्रमाणे वाटून बघू."

बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून. बाई गं, त्यांना वाटलं, हीच ती. तोच मुकादम, फक्त रंगीत कार्डं घेऊन आलाय.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, मग लिहिलं. प्रशिक्षणवालीने कार्डं वाचून दाखवली. काकूंनी लिहिलं होतं, 'सर्व कामे येतात.' भिंगने लिहिलं होतं, 'सर्व कामे येतात.' नवीने, 'सर्व कामे येतात, शिकायची तयारी आहे.' लांबूने 'मनमिळाऊ स्वभाव' लिहून खाली एक फूल काढलं होतं.

"म्हणजे तुमच्यात कुणालाच काही वेगळं जमत नाही?" तिने विचारलं. चेहरा पडला होता बिचारीचा.

"आमच्याकडे सगळे सगळं करतात," बाई मागून म्हणाल्या. त्यांना इतका अभिमान वाटला की क्षणभर पाय हलायचे थांबले.

"आणि तुमचं कार्ड, मॅडम?"

"मला नको," बाई म्हणाल्या आणि सिंककडे चालू पडल्या. तिथे काही काम नव्हतं. उगाच नळ घट्ट करून आल्या.

घरीही तेच. संध्याकाळी नवरा खिडकीशी बसून रेडिओ खोलून बसला होता आणि बाई त्याच्या मागून पुढे, पुढून मागे. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. घाई त्याच्या रक्तातच नव्हती.

"जरा बसतेस का? माझा स्क्रू पडला."

"मी कुठे पाडला?"

"तू नाही पाडलास. तू मागे उभी होतीस." तो जमिनीवर वाकून चाचपडायला लागला. "तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही माझ्या. आणि तू पुढच्या सीटवर बसलीस त्या दोन्ही वेळा डेपोच्या गेटला घासली. आठवतंय ना?"

"मग आता त्याचंही खापर माझ्यावरच फोडा."

"खापर नाही गं. तू बघायला लागलीस की हाताला वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय. मग ते चुकतं."

बाईंना हसू आलं नाही. स्क्रू त्यांच्याच पायाखाली सापडला.

गुरुवारी सकाळी आठला त्यांनी चक्र सरकवलं आणि चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. सिंकला भिंग, तपासणीला नवी, मांडणीला लांबू, मशीनला काकू. ओला ट्रे निघाला त्या दिवशी हीच बैठक होती. चक्र आणखी एक घर ढकलावं असा मोह झाला, बोटही पुठ्ठ्यावर ठेवलं. पण एकदा हात लावला की मग चक्र कसलं? बोट काढून घेतलं आणि फेऱ्या सुरू केल्या. काकू मशीनपाशी अंग चोरून उभ्या होत्या. वाफेची फुसफुस झाली की दचकायच्या. लांबू ट्रेमध्ये चिमटे मांडताना एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता आणि बाई मागे आल्या की दोनच्या जागी तीन चिमटे ठेवत होता. नवी प्रत्येक कात्री दिव्याखाली धरून बघत होती, पण बघणं आणि दिसणं यात फरक असतो. बाईंना तो दिसत होता आणि तो नाकारण्यासाठी त्या अजून जोरात चालत होत्या.

साडेनऊला वरून फोन आला. साहेबांनी बोलावलंय, आत्ता.

साहेब उभेच होते. सकाळच्या यादीत बदल झाला होता. दुपारी एक मोठं, लांबणारं ऑपरेशन घेतलं होतं. जास्तीचे सात ट्रे बाराच्या आत वर हवेत. "आणि उद्या कंपनीची माणसं जागा बघायला येताहेत," ते म्हणाले. "आज काही गडबड नको. म्हणजे, तुमच्याच दृष्टीने."

सात ट्रे, अडीच तास, आणि मशीनवर काकू. बाई लिफ्टपाशी आल्या. लिफ्टमध्ये स्ट्रेचर चढत होतं, सोबत सलाइनची बाटली धरलेला नातेवाईक, एक सिस्टर, दुसरा नातेवाईक. थांबणं आता बाईंना शक्य नव्हतं. त्या जिन्याने निघाल्या. इतक्या वर्षांत या जिन्याने त्या कधी खाली गेल्या नव्हत्या. चार मजले, मग अंधारा वळसा, मग तळघराचं मागचं दार.

दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थिजल्या.

मशीनवर काकू नव्हत्या. मशीनच्या दाराला कान लावून नवी उभी होती, डोळे मिटून, एक बोट वर धरून, आणि म्हणत होती, "अजून नाही... अजून नाही... हं, आता." काकू मांडणीच्या टेबलाशी होत्या. कागदाकडे न बघता त्यांचे दोन्ही हात चालले होते, घरी ताटं वाढावीत तसे. तपासणीला भिंग होता, नाक जवळजवळ कात्रीला टेकलेलं. आणि सिंकवर कोपरापर्यंत मोजे चढवून लांबू शीळ घालत धूत होता. खोलीत धावपळ नव्हती. कुणी कुणाला हाका मारत नव्हतं. बाईंनी आपल्याच खोलीचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

भिंतीवर चक्र जसं सकाळी लावलं तसंच होतं.

"हे काय चाललंय?"

लांबूच्या हातातला चिमटा सिंकमध्ये पडला. चौघं चार दिशांना सुटली, आपापल्या चिठ्ठीच्या जागेकडे. नवी आणि काकू अध्येमध्ये एकमेकींवर आदळल्या.

"लिफ्टची घंटा वाजली नाही," नवी पुटपुटली.

तेवढ्याने बाईंना सगळं कळलं. त्या लिफ्टने वर गेल्या की ही माणसं जागा बदलायची. घंटा वाजली की परत जागेवर.

"किती दिवस?" बाई पुढे आल्या. "किती दिवस चाललंय हे माझ्यामागे?"

मग काकूच बोलल्या. "साडेतीन वर्षं होतील, बाई."

"साडेतीन वर्षं! आणि मी मूर्ख रोज सकाळी ते चक्र फिरवतेय. देवपूजा केल्यासारखी फिरवतेय!" बाईंना काय करावं सुचेना. त्या सिंककडे वळल्या, कारण त्यांचा राग शेवटी तिथेच जाऊन पोचायचा. "आणि याला जुंपलंत सिंकला? का? हसतो, तक्रार करत नाही म्हणून? साडेतीन वर्षं याचे हात..." त्यांनी लांबूचा हात धरून मोजा ओढून काढला. हात चांगला होता. साधा, थोडा ओला, धडधाकट हात.

"माझं नाहीये बाई सिंक," लांबू म्हणाला. त्याने साबणाच्या डब्यांमागे हात घालून एक जुनं गजराचं घड्याळ काढलं. "सिंक कुणाचंच नाही. एकेक तास. दहापर्यंत माझा, मग काकू, मग नवी, मग भिंग. जो सिंकला येईल त्याचं टेबल तेवढा वेळ त्याची वाट बघतं. बाकीची कामं ज्याला जे जमतं ते. पण हे काम जमतं म्हणून कुणाला द्यायचं नाही, असं पहिल्या दिवशीच ठरलं."

"तुमचीच गोष्ट ऐकून ठरलं," नवी म्हणाली.

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. काच तडकलेली होती आणि काट्यांवर साबणाचा थर होता. "मग मला का नाही सांगितलंत?"

चौघांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं, मंगळवारी कार्डं लिहिताना बघितलं होतं तसंच.

"ती अकरा वर्षांची गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलतो, बाई," काकू म्हणाल्या. "त्यानंतर कोण तोंड उघडणार? मी म्हणणार होते का, मला मशीनची भीती वाटते, मला मांडणीच द्या म्हणून? तुम्हाला कुणी काही दिलं नाही. आम्ही मागायचं कसं?"

मग भिंग बोलला. तो महिन्यातून चार वाक्यं बोलायचा, त्यामुळे सगळे थांबले. "सकाळीच मोठं काम असतं. ते आम्ही आमच्या पद्धतीने उरकायचो. दुपारी चक्र चालायचं, पण दुपारी काही नसतं." त्याने चष्मा पुसला. "गेले सहा आठवडे तुम्ही वर गेलाच नाहीत."

बाई खुर्चीत बसल्या. पायांनी हालचाल केली नाही. कात्री लांबूने तपासली होती, कारण चक्राने सांगितलं होतं आणि मागे बाई उभ्या होत्या. ओला ट्रे काकूंनी काढला होता, कारण मशीन फुसफुसलं आणि मागे बाई उभ्या होत्या. दोन पेशंट टेबलावर ताटकळले ते यांच्या ढिलाईने नव्हे. बाईंच्या स्वतःच्या डोळ्यांत घातलेल्या तेलाने. इतकी लाज बाईंना जन्मात वाटली नव्हती. नवऱ्याचा स्क्रू आठवला आणि त्या माणसाचा विनाकारण रागही आला.

बसल्या असतील मिनिटभर. घड्याळात दहाला दहा कमी होते.

"बाराच्या आत सात ट्रे जास्तीचे," त्या उठत म्हणाल्या. "उद्या कंपनीची माणसं येणार."

त्या भिंतीकडे गेल्या तेव्हा लांबू गुपचूप मांडणीच्या टेबलाकडे सरकला, आपल्या चिठ्ठीच्या जागी. बाईंनी खिळ्यावरून चक्र काढलं. खिळा गंजून धरला होता, पुठ्ठा मध्ये फाटला. चक्र उताणं टेबलावर ठेवलं आणि वळल्या. "कुठे निघालास? बाकीचे, मी आले तेव्हा होतात तिथे जा. तू ट्रॉली घे. वरून वापरलेलं आणत राहा, तयार झालेलं नेत राहा."

"मग सिंकला? आता काकूंचा तास सुरू होईल."

"काकू मांडणीवरून हलल्या तर बारा वाजतील, आणि आपलेही." बाईंनी बाही वर केली. "मोजे कुठे आहेत?"

नवीने नव्या मोज्यांची जोडी काढून दिली आणि लांबूने घड्याळाचा गजर अकरावर लावून ते साबणाच्या डब्यांमागे परत ठेवलं.

बाई सिंकसमोर उभ्या राहिल्या. चक्रात त्यांची चिठ्ठी कधीच नव्हती. या सिंकमध्ये पुन्हा हात घालायचा नाही हे त्यांनी ज्या दिवशी ठरवलं होतं त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. पाण्याची वाफ तोंडावर आली. मग हात गेले आत. आणि हात काही विसरले नव्हते. चिमटा उघड, सांधा घास, उलटा कर, दात घास, पाण्याखाली धर. मेले किती भराभर चालत होते! बाईंना त्या हातांचा संताप आला आणि त्यांची दयाही आली.

मागे खोली पुन्हा त्या मघाच्या लयीत आली. बाईंची पाठ तिकडे होती, म्हणून बरं. "हे मोठे डॉक्टर डावखुरे आहेत," काकू स्वतःशीच म्हणत होत्या. "त्यांना कात्री उजव्या अंगाला ठेवली की चिडतात." कुठल्याच कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. लांबूची ट्रॉली खडखडत गेली, खडखडत आली. वर कुठल्या सिस्टरचं डोकं सध्या फिरलंय याची बातमीही घेऊन आली. दुसरा ट्रे गेला, तिसरा गेला. चौथ्याच्या वेळी भिंग म्हणाला, "थांबा."

त्याच्या हातात एक बारीक चिमटा होता. "टोकाला चीर आहे."

नवीने घेऊन दिव्याखाली धरला. "कुठे?"

"इथे."

"मला अजूनही दिसत नाही," नवी म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. आज तपासणीला चक्राने तिलाच बसवलं होतं. तिने तो चिमटा नक्की पुढे सरकवला असता, सगळ्यांसमोर, नीट बघून, प्रामाणिकपणे. मग दुपारी कुणाच्या तरी पोटात त्याचं टोक तुटलं असतं.

भिंगने चिमटा बाजूला ठेवून दुसरा घेतला. झालं एवढंच. तिसरी चूक त्या टेबलावर एका कापडाच्या तुकड्यावर पडून राहिली आणि काकूंनी पुढचा ट्रे ओढला. बाईंनी पुढचा चिमटा उचलला आणि त्याचा सांधा दोनदा घासला.

पाचवा ट्रे. नवी मशीनला कान लावून, "अजून नाही." सहावा. बाई धूत राहिल्या. खांदे भरून आले होते, कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, मोज्यांच्या आत बोटं शिजत होती. चौथ्या मजल्यावरून आणखी एक रास आली होती. ती संपल्याशिवाय इथून हलता येणार नाही हे त्यांना माहीतच होतं. सिंकपाशी उभ्या राहिलेल्या बाईला कुणी हलवत नसतं. रास संपली की दुसरी येते. ते शरीराला इतकं जुनं माहीत होतं की त्याबद्दल वाईट वाटायचंही राहिलं होतं.

डब्यांमागे गजर वाजला. कर्कश, फुटक्या आवाजाचा. बाई दचकल्या आणि धूत राहिल्या.

लांबू ट्रॉली भिंतीला लावून आला. त्याने गजर बंद केला, मोजे चढवले आणि बाईंच्या शेजारी उभा राहिला.

"बाई, तास झाला. सरका."

"तुझी ट्रॉली आहे."

"सातवा मशीनमधून निघेपर्यंत मोकळाच आहे."

"अरे पण एवढी रास आहे अजून."

"ती माझी," लांबू म्हणाला. "तुमचा तास झाला."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षं त्या या जागी उभ्या होत्या. किती मुकादम, किती सोबतिणी, किती जण मागून गेले. कुणी चांगलं म्हणालं, कुणी बिचारी म्हणालं. पण 'तास झाला' हे दोन शब्द त्यांना कुणी म्हटले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं, घामाबरोबर ओघळलं. लांबूने खांद्याने हलकेच ढकललं तेव्हा त्या बाजूला झाल्या.

त्यांनी मोजे उतरवले. नवीने टॉवेल पुढे केला. बाई एकेक बोट पुसत राहिल्या, वेळ घेऊन. खोलीत प्रत्येकाला आपली जागा होती आणि त्या मध्येच उभ्या होत्या, ओले हात घेऊन. फेऱ्या मारायला पाय उचलेनात.

"आता मी कुठे उभी राहू?" त्यांनी विचारलं. थट्टेत विचारायला गेल्या, पण आवाज थट्टेचा निघाला नाही.

काकूंनी मान वर केली नाही. "वर जा," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे यादी उशिरा येतेय. मोठ्या सिस्टरच्या टेबलाशी ठाण मांडायला आमच्यातल्या कुणाला जमतं?"

"साहेबांनी कॉम्प्युटरवर..."

"आणि मोजे संपत आलेत," भिंग म्हणाला. त्याचा महिन्याचा कोटा केव्हाच संपला होता. "तुम्ही घातलेली शेवटून तिसरी जोडी होती."

बाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, मग लक्षात येऊन काढला आणि खुर्चीच्या हातावर वाळत घातला. शेवटून तिसरी! पुरवठा काय कॉम्प्युटर करणार आहे? त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. त्या लिफ्टकडे निघाल्या. दाराशी पोचल्यावर थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "माझा पुढचा तास कधी?"

"भिंगनंतर," लांबूने नळाच्या आवाजावरून ओरडून सांगितलं. "तीनला. उशीर करू नका."

लिफ्टची घंटा वाजली. कुणीही जागेवरून हललं नाही.